संथ टप्प्यापाशी थांबणाऱ्या मॅडम

प्रा. डॉ. सुलोचना इंगवले यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मॅडमच्या अध्यापनावर लेख लिहावा, असे संपादकांनी मला सांगितले, तेव्हा मी आनंदाने होकार दिला आणि नंतर पुष्कळ दिवस टाळाटाळ केली. मॅडमच्या हाताखाली मी शिकलो, पुढे त्यांच्याच विभागात त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून शिकवू लागलो. एवढ्या जवळच्या माणसाविषयी लिहिताना कौतुकाच्या भरात खोटे लिहिले जाण्याची भीती असते, आणि मॅडमसमोर खोटे चालत नाही, हे मी विसाव्या वर्षीच शिकलो आहे.

मॅडमचे पहिले दर्शन मला झाले ते रागावलेल्या अवस्थेत. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या खेड्यातून मी एम. एस्सी.साठी कोल्हापुरात आलो होतो. पहिल्याच तासाला एक उंच, सावळ्या, खणखणीत आवाजाच्या बाई वर्गात आल्या, त्यांनी फळ्यावर एका रासायनिक अभिक्रियेचे समीकरण लिहिले आणि विचारले, ‘‘हिचा रेट लॉ, म्हणजे वेगाचा नियम, काय?’’ आम्ही सगळ्यांनी शाळेतल्या पाढ्यांसारखे एका सुरात उत्तर दिले. समीकरणात एका पदार्थाचे दोन रेणू होते, म्हणून त्याच्या संहतीचा, म्हणजे द्रावणातल्या प्रमाणाचा, वर्ग. दुसऱ्याचा एक रेणू होता, म्हणून त्याची संहती एकदाच. मॅडमनी खडू टेबलावर ठेवला.

‘‘हे कशावरनं काढलंसा?’’

‘‘समीकरणावरनं, मॅडम.’’

‘‘समीकरणावरनं गाडीत कोण बसलं आणि कोण उतरलं, एवढंच कळतंय. वाटेत गाडी कुठं अडली, ते समीकरण सांगतंय व्हय?’’

मग त्यांनी विचारले, ‘‘डेअरीला दूध घालायला कोण कोण गेलंय?’’ जवळजवळ सगळे हात वर झाले. मॅडम स्वतः करवीर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरातल्या. लग्न होईपर्यंत रोज पहाटे त्या डेअरीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या. ‘‘रांग कुठं तुंबती?’’

‘‘फॅट लावत्यात तिथं,’’ मागून कुणीतरी म्हणाले.

‘‘मग दूध मापून घ्यायला आणखी एक माणूस बसवला तर रांग लवकर सरंल?’’

‘‘न्हाय, मॅडम. फॅटचं मशीन एकच हाय की.’’

‘‘आता कसं बोललास!’’ मॅडम म्हणाल्या, आणि पुढचा अर्धा तास त्यांनी जे शिकवले ते मी आजही माझ्या विद्यार्थ्यांना जवळपास त्याच शब्दांत शिकवतो. अभिक्रिया एका दमात होत नाही. ती लहान लहान टप्प्यांनी होते. या टप्प्यांच्या मालिकेला आम्ही मेकॅनिझम म्हणतो. प्रत्येक टप्प्यात कोण कोणावर आदळते हे ठाऊक असेल, तर त्या टप्प्याचा वेग लिहिता येतो. सगळ्यांत संथ टप्पा कोणता ते शोधायचे, कारण सगळे काम त्याच्यापाशी तुंबते. एका टप्प्यात जन्मून पुढच्या टप्प्यात संपून जाणारे काही अल्पायुषी पदार्थ मध्येच येतात. समीकरणात त्यांचे नावही नसते. त्यांची संहती मोजता येणाऱ्या पदार्थांच्या भाषेत मांडायची, की हाती वेगाचा नियम येतो. मग तो प्रयोगातल्या आकड्यांशी ताडून पाहायचा.

इथे मॅडम नेहमी थांबत. ‘‘आकडे जुळले न्हाईत, तर तुमचा मेकॅनिझम खोटा. आणि जुळले तर?’’ नवा विद्यार्थी हमखास ‘‘खरा’’ म्हणे. ‘‘जुळले म्हणून खरा ठरत न्हाय. अजून खोटा ठरला न्हाय, एवढंच म्हणायचं आणि गप बसायचं.’’ त्या वयात मला हा शब्दच्छल वाटला होता.

मॅडमच्या प्रयोगशाळेत एक शिस्त होती. कोणताही प्रयोग लावण्याआधी काय होणार, ते प्रत्येकाने मोठ्याने सांगायचे. ‘‘आधी बोल, मग मोज,’’ हे त्यांचे पालुपद. मोजून झाल्यावर आपण तेच म्हणत होतो, असे सांगण्याची सोय कुणालाच नव्हती. एकदा आमच्या वर्गातल्या एका मुलीने मोठ्या आत्मविश्वासाने भाकीत केले आणि आकडे नेमके उलटे आले. ती रडवेली झाली. मॅडमनी त्या दिवशी सर्वांत जास्त गुण तिला दिले. आम्ही कुरकुर केली, तेव्हा म्हणाल्या, ‘‘हिचं खोटं आज कळलं तरी. तुमचं अजून कळायचंय.’’

त्यांच्या मायेविषयी लिहायचे तर पाने पुरणार नाहीत आणि मॅडमना ते आवडणारही नाही. आईच्या शस्त्रक्रियेच्या काळात माझे तास त्यांनी न सांगता घेतले आणि नंतर त्याविषयी अवाक्षर काढले नाही, एवढेच नोंदवतो. मात्र एका विद्यार्थ्यावर त्यांनी केलेल्या मायेविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्याच्याशी जोडलेले आहे.

राजेंद्र हुपरीचा. घरी पिढ्यान्‌पिढ्या चांदीचे पैंजण घडवण्याचे काम. मी नुकताच शिकवू लागलो होतो तेव्हा तो एम. एस्सी.ला होता आणि विभागात त्याच्या तोडीचे डोके दुसरे नव्हते. शेवटच्या वर्षात त्याचे वडील गेले. शिक्षण सोडून घरच्या कामाला बसतो म्हणून तो मॅडमचा निरोप घ्यायला आला, तेव्हा मॅडमनी त्याला निरोप दिलाच नाही. परीक्षा होईपर्यंत तो त्यांच्या घरी राहिला, त्यांच्या दोन मुलांबरोबर जेवला, त्यांच्या यजमानांच्या स्कूटरवरून कॉलेजला आला. मॅडम त्याला राजू म्हणत. तो विद्यापीठात पहिला आला, तेव्हा पेढे त्याने आधी मॅडमच्या देवघरात ठेवले आणि मग हुपरीला नेले.

पुढे राजेंद्रने शिरोली एमआयडीसीच्या बाजूला एका शेडमध्ये स्वतःचा प्लेटिंगचा कारखाना काढला. धातूच्या वस्तूंवर चांदीचा किंवा तांब्याचा मुलामा देण्याचे ते काम. मुलाम्याच्या टाकीत सायनाइड असते, म्हणून वस्तू धुतलेले पाणी तसेच सोडता येत नाही. ते आधी निर्विष करावे लागते. त्यासाठी त्या पाण्यात कॉस्टिक, म्हणजे तीव्र अल्कली, घालतात आणि मग हायपो ओततात. हायपो म्हणजे ब्लीचच्या बाटलीत असते तेच द्रावण, फक्त जास्त कडक. हे काम तानाजी करीत असे. गोरापान, मितभाषी, नाकासमोर चालणारा माणूस. सांगितलेल्या मापाने ओतायचे आणि काठीने ढवळायचे, एवढे त्याला शिकवलेले होते आणि तेवढे तो नेमाने करी.

थंडीतल्या एका सकाळी शेडचे दरवाजे बंद असताना तानाजी त्या पाण्याच्या टाकीवर ढवळत होता. त्याचे डोळे चुरचुरू लागले, घसा आवळला, आणि मदतीला माणसे पोचेपर्यंत तो खाली कोसळला होता. तो वाचला, पण पुष्कळ दिवस दवाखान्यात राहिला. चौकशीला अधिकारी आले, तेव्हा राजेंद्रने सांगितले की तानाजीने मापापेक्षा जास्त हायपो ओतला, त्यामुळे वायू झाला. तो हे खोटे म्हणून बोलत होता, असे मला आजही वाटत नाही. त्याला तसेच वाटत होते. पण बोललेला शब्द वस्तीभर झाला. बापाच्या हलगर्जीपणामुळे सगळी शेड मेली असती, असे तानाजीच्या शाळकरी मुलीला शाळेत मुले म्हणू लागली. आणि प्लेटिंगच्या धंद्यात अशा माणसाला पुन्हा कोण दारात उभे करणार?

राजेंद्रने मॅडमना गाडी पाठवली. ‘‘तुम्ही एकदा बघून लिहून द्या, मॅडम. तुमच्या शब्दापुढं कुणी बोलणार नाही.’’ मॅडमनी मला बरोबर घेतले.

टाकी तशीच झाकून ठेवलेली होती. मॅडमनी पर्समधून पाण्यातली अल्कली दाखवणारी पीएच पेपरची गुंडाळी काढली, एक पट्टी बुडवली आणि खिडकीशी नेऊन पाहिली. गडद निळी व्हायला हवी होती. ती हिरवटच राहिली.

‘‘राजू, कॉस्टिक किती घालतोस?’’

‘‘कमी केलंय, मॅडम. गरजच नाही त्याची.’’ तो उत्साहाने पुढे आला. खरे सांगायचे तर त्याला आपली हुशारी दाखवायची होती. ‘‘तुम्हीच शिकवलंय की. पहिल्या टप्प्यात सायनाइड आणि हायपो मिळून सायनोजन क्लोराइड होतं आणि अल्कली तयार होते. दुसऱ्या टप्प्यात तीच अल्कली त्या क्लोराइडला संपवते. दोन्ही टप्प्यांची बेरीज केली की अल्कली दोन्हीकडनं उडते. जी खर्चच होत नाही, ती पोत्यांनी कशाला ओतायची? थोडी असली की झालं.’’

अशी चूक करायला रसायनशास्त्र चांगले यावे लागते. न शिकलेल्या मालकाने पहिल्यापासूनच्या मापाने कॉस्टिक घातले असते आणि काही बिघडले नसते. मॅडमनी पट्टी घडी करून पर्समध्ये ठेवली. विभागात आल्यावर त्यांनी फळा पुसला आणि ते दोन टप्पे लिहिले.

रसायनशास्त्राशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी सांगतो. पहिला टप्पा झटपट होतो. त्यात जो सायनोजन क्लोराइड जन्मतो, तो विषारी वायू आहे, डोळे आणि छाती धरणारा. दुसरा टप्पा संथ आहे. त्या टप्प्याचा वेग किती अल्कली आहे यावर ठरतो. अल्कली भरपूर असेल तर वायू जन्मताच मारला जातो, वर येतच नाही. अल्कली तुटपुंजी असेल, आणि त्यात थंडी असेल, तर वायू पाण्यात साचतो आणि ढवळणाऱ्याच्या तोंडावर येतो. बेरजेच्या समीकरणात सायनाइड आणि हायपो तेवढे दिसतात. अल्कलीचा मागमूस नसतो, आणि त्या वायूचाही नसतो.

मॅडमनी दोन्ही टप्प्यांतल्या अल्कलीखाली रेघ ओढली. मग म्हणाल्या, ‘‘काय खर्च होतंय आणि कशावाचून काम अडतंय, ह्या दोन वेगळ्या गोष्टी. हे मी ह्याला शिकवलं न्हाय का?’’

‘‘शिकवलंत, मॅडम.’’

‘‘शिकवलं असंल. पण ‘जे दोन्हीकडं आलं ते खोडा,’ हे पण मीच शिकवलं. तीस वर्षं. आणि त्याच्या ध्यानात तेच ऱ्हायलं.’’

इतरांनी तिथेच अहवाल लिहायला घेतला असता. मॅडमनी प्रयोग लावला, आणि आपलाच नियम स्वतःला लावला. ‘‘आधी बोल, मग मोज. सर, लिहून घ्या. चूक तानाजीची असंल, तर हायपो वाढवल्यावर वायू जास्त वेळ टिकायला पायजे. चूक अल्कलीची असंल, तर अल्कली वाढवल्यावर वायू लवकर संपायला पायजे, आणि हायपो वाढवून काही फरक पडायला नको.’’ मग विषारी वायू बाहेर खेचून नेणाऱ्या फ्यूम हूडच्या काचेआड, अगदी थेंबाथेंबाच्या प्रमाणात, आम्ही मोजू लागलो. तो वायू किती उरला आहे, हे विशिष्ट द्रव्य घातल्यावर येणाऱ्या रंगावरून कळते. अल्कली दुप्पट केली की वायू जवळपास दुप्पट वेगाने संपत होता. माझा जीव भांड्यात पडला.

मग हायपो वाढवून पाहिला. फरक पडायला नको होता, पण पडला. वायू टिकण्याऐवजी उलट थोडा लवकर संपू लागला. आम्ही पुन्हा मोजले, पुन्हा तेच. म्हणजे फळ्यावरचा मेकॅनिझम सबंध खरा नव्हता. हायपोसुद्धा त्या संथ टप्प्याला कुठेतरी हातभार लावत होता, आणि तो कसा, हे आमच्या दोन टप्प्यांत बसत नव्हते.

अहवाल लिहिताना मी मॅडमना विनवले की हा भाग वगळा. तानाजीच्या बाजूने सगळे स्पष्ट आहे, मग आपल्याच हाताने शंका कशाला पेरायची? राजेंद्रच्या वकिलाला एवढे वाक्य पुरेल. मॅडमनी माझ्याकडे पाहिले ते पाहणे मला अजून आठवते. त्या म्हणाल्या, ‘‘तानाजीसाठी खोटं लिहिलं, तर राजूनं केलं ते आणि आपण केलं ते, ह्यात काय फरक ऱ्हायला?’’

त्यांनी लिहिलेला मजकूर मला पाठ आहे. आम्ही मांडलेली यंत्रणा (म्हणजे तो मेकॅनिझम) मोजमापाशी पूर्ण जुळत नाही, ती अपुरी आहे, असे पहिले वाक्य. अल्कली कमी पडल्यास विषारी वायू साचतो, हे मात्र मोजमापातून स्वच्छ दिसते, असे दुसरे. आणि तिसरे असे, की जादा हायपोमुळे वायू साचला हे म्हणणे मोजमापाशी जुळत नाही, कारण जादा हायपोने तो लवकर संपतो, आणि म्हणून श्री. तानाजी यांच्याकडून तशी चूक झाली असे मानण्यास आधार नाही. मोजता मोजता जे सापडले त्याने आमचा मेकॅनिझम अपुरा ठरला होता, पण तानाजीवरचा आरोप साफ खोटा ठरला होता. लपवायला निघालो होतो तेच वाक्य त्याच्या सर्वांत जास्त कामाला आले. तरुणपणी ज्याला मी शब्दच्छल समजलो होतो, त्याची किंमत मला त्या दिवशी कळली.

अहवाल अधिकाऱ्यांकडे जाण्याआधी मॅडमनी राजेंद्रला घरी बोलावून स्वतःच्या हाताने दिला. मी तिथे होतो. त्याने वाचला, घडी घातली.

‘‘मी तुम्हाला बोलावलं, मॅडम. आणि तुम्ही माझ्यावरच उलटलात?’’

‘‘तू बोलावलंस म्हणूनच खरं लिहिलं, राजू. परक्यानं बोलावलं असतं तरी हेच लिहिलं असतं, पण हात एवढा जड झाला नसता.’’

‘‘मला पोरगा म्हणत होता तुम्ही.’’

‘‘अजून म्हणतो. जेवून जा.’’

तो जेवला नाही. मॅडम घरी बोलताना आमच्याकडच्या बायकांसारख्या ‘म्हणतो’, ‘येतो’ असेच बोलतात. त्या दिवशी त्यांचे ‘म्हणतो’ मला ऐकवले नाही. ताट वाढलेले होते. मॅडमनी ते झाकून ठेवले आणि आम्हा कुणाला हात लावू दिला नाही.

तानाजीवरचा ठपका कागदोपत्री पुसला गेला. राजेंद्रने शेड मोकळी केली, पंखे बसवले, कॉस्टिक पूर्ववत केले. त्या शेडमध्ये पुन्हा कधी कुणाला त्रास झाला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण तानाजीला तो भेटला नाही आणि मॅडमच्या घरची पायरीही पुन्हा चढला नाही. तानाजीला चढावर दम लागतो. तो आता एका फौंड्रीच्या गेटवर बसतो. कागदावर निर्दोष ठरला म्हणून वस्तीतली माणसे अहवाल वाचत नाहीत. मालकाने एकदा जे म्हटले, ते मालकाने परत घेतल्याशिवाय खोटे ठरत नाही, अशी आपली रीत आहे.

अहवालानंतर मॅडम तानाजीच्या घरी गेल्या होत्या. त्याच्या बायकोला त्यांनी अहवाल सोप्या भाषेत सांगितला आणि वर म्हणाल्या, ‘‘राजूला मी शिकवलंय. त्याच्या चुकीत माझा वाटा हाय.’’ ती माउली गोंधळून म्हणाली, ‘‘तुम्ही कशाला असं बोलताय, बाई? चा घ्या की.’’ मॅडमनी चहा घेतला. नंतर अधूनमधून त्या जात राहिल्या, मुलीचा अभ्यास बघत राहिल्या. तीच मुलगी पुढे विज्ञान शाखेला गेली.

निवृत्तीपर्यंतच्या उरलेल्या वर्षांत मॅडमनी शिकवण्यातली एक सवय बदलली. दोन टप्प्यांची बेरीज करताना दोन्ही बाजूंना आलेला पदार्थ त्या आता खोडत नसत. त्याच्याभोवती रंगीत खडूने गोल काढत. ‘‘ह्याला खोडायचं न्हाय. हा खर्चत नसंल, पण काम ह्याच्याच हातात असंल. आधी बघायचं, मग सोडायचं.’’ आमच्या विभागात आजही कुणी असे पद खोडत नाही. बाहेरून आलेले परीक्षक उत्तरपत्रिकांतले गोल बघून बुचकळ्यात पडतात, आणि मग आम्हाला हे सगळे सांगावे लागते.

आता हा ग्रंथ ज्या सत्कार समारंभात निघणार आहे, त्याविषयी. समितीच्या बैठकीत नेहमीप्रमाणे मोठमोठ्या पाहुण्यांची नावे निघाली आणि सत्कार कुणाच्या हस्ते करायचा, हे मॅडमना विचारायची कामगिरी माझ्याकडे आली. मॅडम म्हणाल्या, ‘‘शाल राजू आणि तानाजी घालतील. एक टोक ह्यानं धरायचं, एक त्यानं.’’

‘‘मॅडम, ते दोघं इतक्या वर्षांत एकमेकांसमोर आलेले नाहीत.’’

‘‘म्हणूनच की. न्हाय आले तर शाल नको. हारबीर काही नको. पुस्तक तेवढं घरी पाठवून द्या.’’

तानाजीने लगेच होकार दिला. ‘‘बाईंनी बोलावलंय, येणार की. पण मालकास्नी चालंल का?’’ राजेंद्रला फोन केला. त्याने विचारले, ‘‘तानाजी येतो म्हणाला?’’

‘‘हो.’’

‘‘माझं नाव सांगूनसुद्धा?’’

‘‘हो.’’

‘‘मग सर, आधी मला त्याच्या घरी घेऊन चला. एकदम स्टेजवर कसलं तोंड दाखवू?’’

गेल्या रविवारी आम्ही गेलो. राजेंद्रचे केस आता पांढरे झाले आहेत. तो दारातच थबकला. तानाजी म्हणाला, ‘‘आत या की, मालक.’’ आत येऊन राजेंद्र बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, ‘‘कॉस्टिक मी कमी केलं होतं, तानाजी. तू मापानंच ओतलं होतंस. मला अहवाल वाचला तेव्हाच कळलं होतं.’’

तानाजीने नुसती मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते. तो म्हणाला, ‘‘हे एकदा माझ्या पोरीसमोर बोला.’’ मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली होती. ती बाळ घेऊन बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. राजेंद्रने हात जोडले आणि तेच शब्द तिच्यासमोर पुन्हा उच्चारले. शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज फुटला. मुलीने बाळ आजोबांच्या मांडीवर दिले आणि आम्हाला पाणी आणायला आत गेली.

हे मी या लेखात लिहू का, असे राजेंद्र, तानाजी आणि त्याची मुलगी या तिघांनाही विचारले आहे. तिघांनीही झाले तसे लिहा म्हणून सांगितले. मॅडमना ही हकिगत सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. म्हणाल्या, ‘‘राजूला म्हणावं, समारंभ नंतर. आधी जेवायला ये.’’

मॅडम, आम्ही तुमचे विद्यार्थी फार मोठे झालो नसू, पण तुमच्यासमोर उभे राहताना आम्हाला अजून भीती वाटते आणि ती तशीच राहावी अशी आमची इच्छा आहे. तुमचे गुडघे दुखतात हे आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही औषध घेत नाही हेही ठाऊक आहे. ते घ्या. ठणठणीत राहा, पुष्कळ जगा, आणि आमच्यातला जो कुणी चुकेल त्याला त्याची चूक सांगून त्याच्यासाठी ताट झाकून ठेवायला तुम्ही आम्हाला दीर्घकाळ हव्या आहात.